सशाचा उजवा पाय

ससा ओरडतो हे मला त्या ग्रहणापर्यंत ठाऊक नव्हतं. एरवी तोंडातून हूं की चूं न काढणारं जनावर. पण त्या दुपारी मागच्या पडवीतून जी किंकाळी आली, ती ऐकून मला वाटलं शेजारचं कुणाचं तरी पोर विहिरीत पडलं.

पौषातल्या अमावास्येचं ते मोठं सूर्यग्रहण. आमच्या ठाण्यात सूर्याची नुसती कोर उरणार होती. खाली कोकणात तर म्हणे पूर्ण झाकणार होता, आणि ते बघायला विलायतेहून गोरे लोक दुर्बिणी घेऊन उतरले होते. आमच्या घरात मात्र बघणारं कुणी नव्हतं, सगळी लपण्याची घाई. मुंबईत गाठीच्या तापानं, प्लेगनं, माणसं मरत होती, त्यात हे ग्रहण, म्हणून सासूबाईंनी यंदा नियम जरा जास्तच ताणले होते. मामंजी तलावावर जपाला गेले होते, त्यांच्यामागे आमचे हे आणि धाकटे श्रीपादभावजी. घरात सासूबाई, मी, माझी नऊ वर्षांची सरोज, आणि माजघरात दार लावून अंधारात बसवलेली सुमती.

सुमती माझी धाकटी जाऊ. सोळा वर्षांची, पहिलटकरीण. ग्रहणात गर्भारशीनं चिरू नये, शिवू नये, काही मोडू-मुरगळू नये, दाराबाहेर पाऊल टाकू नये, खरं तर जागची हलूच नये. ती जे करील ते पोराच्या अंगावर उमटतं. चिरलं तर ओठ फाटतो, मुरगळलं तर हातपाय वाकडे येतात. हे आमच्याकडे पोरींना शिकवावं लागत नाही, भातुकली खेळायच्या वयातच कानावर पडतं.

तिच्यापाशी मी बसायचं असं ठरलं होतं आणि मी बसलेही होते. पण ग्रहण लागल्यावर सासूबाईंना आठवलं की माळ्यावरच्या लोणच्याच्या बरण्यांवर दर्भ ठेवायचा राहिला. त्यांना काही माळा चढवत नाही. "गोदू, अगं ए गोदू!" गेले मी शिडी चढून. आणि तेवढ्यात ती किंकाळी.

खाली कशी उतरले देव जाणे. पडवीत येऊन बघते तो सुमती सशाच्या खोक्यापुढे गुडघे टेकून बसलेली. ऊन असं पडलं होतं की जणू पितळेचं भांडं महिनाभर कुणी घासलं नाही. खोक्याला पुढून बांबूच्या कामट्या ठोकल्या होत्या. त्यातली एक मोडून तिच्या एका हातात होती, दुसऱ्या हातानं तिनं ससा छातीशी धरला होता, आणि त्याचा मागचा उजवा पाय नुसता लोंबत होता.

"अडकला होता हो, वहिनी," ती म्हणाली. "अंधारून आल्यावर घाबरला असेल. आपटत होता नुसता, मेलाच असता. मी कामटी मुरगळली आणि पाय ओढला. कट्टकन वाजलं." मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "कामटी वाजली की पाय वाजला, ते नाही मला कळलं."

मी तिच्या हातातली कामटी काढून घेतली, ससा खोक्यात ठेवला आणि तिला दंडाला धरून माजघरात आणली. "तू उठलीच नव्हतीस," मी म्हटलं. "ऐकतेस ना? मांजर आलं होतं, ससा मी सोडवला. दुसरं काही तोंडातून काढायचं नाही." सासूबाई देवघरात सरोजला जवळ घेऊन जप करत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्याचा असा उपयोग झाला. बाहेर रस्त्यावर 'दे दान, सुटे गिराण' सुरू झालं होतं आणि सुमती भिंतीला टेकून दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती.

सशाचं नाव साहेब. भावजी रेल्वेच्या माल कचेरीत होते. तिथला कुणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या गेल्या, पलंग गेले, कुत्रीसुद्धा गेली. त्याच्या पोरांचा पांढरा ससा तेवढा कुणी घेईना, तो भावजी खोक्यासकट उचलून घेऊन आले. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, पडवीच्या उंबऱ्याआत तो दिसता कामा नये. आठवड्याभरात त्या स्वतःच मुळ्याचा पाला हातानं निवडून त्याच्यासाठी बाजूला ठेवायला लागल्या. माझी सासू तशी वाईट नाही. तिला जे खरं वाटतं ते ती सोडत नाही, एवढंच.

सुमती या घरात आली तेव्हा स्वतःच पोर होती. माहेर कल्याणला, म्हणजे फार लांब नाही, पण उठलं की जाता थोडंच येतं? तिनं जीव लावला तो दोघांना, साहेबाला आणि माझ्या सरोजला. दुपारी दोघी पडवीत बसायच्या, साहेब या मांडीवरून त्या मांडीवर. सरोजची वेणी सुमती घालायची. मी घातली की पोरगी ओरडायची, तिनं घातली की गप्प बसायची.

आता सरोजचं सांगायला हवं. तिचं उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं आहे. ती पावलाच्या कडेवर चालते, थकली की पाय ओढते. घरात कुणी नवीन माणूस आलं आणि त्याची नजर तिच्या पायाकडे गेली की सासूबाई लगेच सांगतात, "ग्रहणात हलली हो आमची थोरली. ऐकते कुणाचं?" नऊ वर्षं त्या सांगताहेत. आणि नऊ वर्षं मी, स्वयंपाकघरात असले तर तिथून, विहिरीवर असले तर विहिरीवरून, मोठ्यांदा उत्तर देते आहे, "मी हलले नव्हते!" तोंडाळ म्हणा नाहीतर काही म्हणा. सरोजच्या वेळचं चंद्रग्रहण मी पाटावर मांडी घालून काढलं. डास चावले तरी हात उचलला नाही. पाठीला रग लागली, जीव गुदमरला, पण मी हलले नाही. आणि हे कुणी म्हणजे कुणी खरं मानलं नाही. माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही. ते म्हणतात, "जाऊ दे ना, झालं ते झालं." झालं ते झालं म्हणजे मी हलले, असाच त्याचा अर्थ.

ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या, घर धुऊन निघालं. साहेब मात्र पाय टेकेना. तीन पायांवर उड्या मारायचा आणि चौथा पोटाशी घ्यायचा. सुमती दिवसातून शंभरदा पडवीत जाऊन यायची. जेवायला बसली की भात चिवडायची. भावजींना वाटलं डोहाळे कडक आहेत, त्यांनी आवळ्याचा मुरांबा आणून दिला.

एका दुपारी मी जात्यावर बसले होते तर ती येऊन जवळ बसली. "वहिनी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते विचारल्यावर ठरवीन."

"सरोजच्या वेळी तुम्ही खरंच हलला होतात का हो?"

पोटुशी नसती तर तिच्या थोबाडीत बसली असती. मी जात्याचा खुंटा सोडला. "नाही," मी म्हटलं. "आणि नीट ऐक, तुला म्हणूनच सांगते. मी हलले नव्हते, तरी तिचा पाय असा आला. म्हणजे त्यात काही नसतं. तू उठलीस त्यानं काही होणार नाही."

मला वाटलं, हे ऐकून हिला धीर येईल. इतकी वर्षं कुणाच्या उपयोगी न पडलेलं माझं खरं, निदान हिच्या तरी उपयोगी पडेल. पण ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "नकळत झालं असेल हो. झोप लागली असेल तुम्हाला." मी खुंटा पुन्हा धरला. जातं ओढत राहिले.

तेव्हा मला कळलं की तिनं मनाशी काय बांधलं आहे. कामटी मोडली असेल तर ती फक्त कामटी. पण तिच्या हातानं ग्रहणात सशाचं हाड मोडलं असेल, तर तिच्या पोटातलं पोर तसाच पाय घेऊन येणार. उजवाच. आणि तसा पाय कसा दिसतो, तो चालताना कसा वाजतो, हे तिला घरातच दिवसभर दिसत होतं, ऐकू येत होतं. म्हणून सगळा जीव साहेबाच्या पायात अडकला होता. तो चांगला निघाला की ती सुटली.

कळव्यापलीकडच्या मिठागराकडून सखुबाई आमच्याकडे मीठ घेऊन यायची. तिचा नवरा भिवा बैलांची हाडं बसवतो, माणसांचीही बसवतो. त्याला मी बोलावून घेतलं. सासूबाईंना सांगितलं, मांजरानं धरलेला ससा दाखवायचा आहे. भिवा अंगणात उकिडवा बसला, साहेबाला उलटा धरला, आणि आपल्या जाड्या बोटांनी तो पाय वरून खालपर्यंत चाचपला. साहेब डोळे वटारून निपचित पडला होता. सुमती खांबाला धरून उभी, तिच्या शेजारी सरोज.

"मोडलंय का?" सुमतीनं विचारलं.

"मना नाय कलत, बाय," भिवा म्हणाला. "बैलाचा पाय असता त हात लावल्याबरोबर सांगला असता. ह्यो पाय ह्यो एवरासा. जोरान दाबला त माझ्या हातानच मोरंल."

"पण वाटतं काय तुला?"

"मोरला बी असंल. नायतर नुसता मुरगालला असंल."

त्यानं दोन बारीक कामट्या लावून चिंधी गुंडाळली आणि शेवटी आपल्याला जमलं याचं त्यालाच नवल वाटून हसला. साहेबानं ती चिंधी कामट्यांसकट संध्याकाळपर्यंत कुरतडून टाकली. पुन्हा बांधून वरून कडुलिंबाच्या पाल्याचा लेप दिला, की कडू लागून तोंड लावणार नाही. तर लेप आधी खाल्ला आणि मग चिंधी. एरवी आम्ही हसून हसून लोळलो असतो.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. सुमती सशापाशी बसून असते हे त्यांनी बघितलं आणि एक दिवस सखुबाई मीठ ओतत असताना म्हणाल्या, "सखू, हा ससा घेऊन जा बाई तुझ्याकडे. गर्भारशीच्या डोळ्यांपुढे सारखं लंगडं जनावर नको. घरात एक आहे तेवढं पुरे."

सरोज तिथंच चौकटीत उभी होती. मी म्हटलं, "सासूबाई, पोर ऐकते आहे!" त्या म्हणाल्या, "मी काय खोटं बोलले?" आणि तोवर सुमतीनं खोकं कवटाळलं होतं. न्यायचं नाही म्हणाली, जेवणार नाही म्हणाली, हुंदके द्यायला लागली. साहेब डोळ्यांआड झाला तर त्याचा पाय बरा झाला की नाही हे तिला कोण सांगणार? हे कारण मला ठाऊक, बाकीच्यांना वाटलं मुक्या जीवाची माया. भावजी मध्ये पडले आणि साहेब राहिला.

साहेब राहिला, पण सरोज दूर झाली. सुरुवातीला माझ्याही लक्षात आलं नाही. सरोज वेणीसाठी फणी घेऊन गेली की सुमती म्हणायची, आज माझे हात दुखतात. सरोज शेजारी बसली की ही उठून पाणी प्यायला जायची. एकदा सरोज तिच्या मांडीवर डोकं ठेवायला गेली तर म्हणाली, "तू तिकडे बस ना, मला उकडतं." माघाचा महिना होता, उकडतंय कसलं!

 सरोज साहेबाला घेऊन पडवीच्या पार टोकाला बसायला लागली. मी रोज संध्याकाळी तिच्या पायाला तेल लावते, पाऊल हातात धरून हळूहळू बाहेर वळवते. काही फरक पडत नाही, पण सोडवत नाही. तर तीही तेलाची वाटी घेऊन साहेबाचा पाय तसाच चोळायची, तसाच बाहेर वळवायची, आणि माझ्यासारखीच जिभेनं चक् चक् करायची.

चैत्रात सुमतीचं डोहाळजेवण झालं. झोपाळ्याला फुलं बांधली, सुमतीला हिरवं लुगडं नेसवलं, आळीतल्या बायका जमल्या. सरोजनं सकाळपासून बसून मोगऱ्याची वेणी केली होती. फुलं लहानमोठी झाली होती, दोरा मधेच दिसत होता, पण तिची तिनं केली होती. सगळ्या बायका फुलं माळत होत्या तेव्हा तीही पाय ओढत पुढे आली आणि वेणी घालायला तिनं हात वर केला.

सुमतीनं झोपाळ्यावर पाय वर घेतले. विंचू दिसल्यावर घेतात तसे. आणि पदर ओढून पोट झाकलं.

सगळ्यांनी बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "बरोबरच आहे, सातव्यात जपायलाच हवं हो." सरोज वेणी घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं ती झोपाळ्याच्या पाटावर ठेवली आणि पडवीकडे गेली. तिचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज मला सबंध माजघरभर ऐकू आला.

बायका पानावर बसल्यावर मी सुमतीला धान्याच्या खोलीत ओढलं. माझं डोकं फिरलं होतं. "बाहेर जाऊन सांगू का सगळ्यांना?" मी म्हटलं. "ग्रहणात कोण उठलं होतं ते? सांगू का कुणापासून जपायला हवं ते?"

 तिनं माझे हात धरले. "सांगा," ती म्हणाली. "पण मी काय करू वहिनी? ती माझी लाडकी आहे. पण ती समोर आली की मला तिचा पायच दिसतो. पोटातलं पोर दिसतं. मी तिला नको म्हणत नाही हो, मी... देवा, मी काय करून बसले!" आणि ती तिथंच तांदळाच्या पोत्यावर बसून हमसाहमशी रडायला लागली. फुलांनी मढवलेली, कपाळाला मळवट, नाक लाल झालेलं पोर ते. मला तिचा संताप येत होता आणि तिच्या पाठीवरून हातही मीच फिरवत होते. बाहेर जाऊन मी काही सांगितलं नाही. जिभेच्या टोकाशी आलेलं मागे ढकललं आणि जिलबी वाढायला गेले.

तिला कल्याणला पाठवायच्या आधी भिवा शेवटचा येऊन गेला. साहेब तोवर पाय टेकायला लागला होता, पण पळताना तो पाय बाजूला फेकायचा. भिवानं चाचपून बघितलं.

"जुलला," तो म्हणाला. "पन जरासा वाकरा जुलला. पलंल, पन लंगरंलच."

"म्हणजे मोडलं होतं," सुमती म्हणाली.

"असंल, बाय. आता काय सांगू?"

 ती रडली नाही. कल्याण स्टेशनावर उतारूंना रांगेत उभं करून काखेत गाठी आहेत का ते चाचपत होते, बायकांनासुद्धा सोडत नव्हते, म्हणून आगगाडीऐवजी भावजींनी बैलांची दमणी ठरवली होती. निघायच्या दिवशी सुमती सासूबाईंच्या पाया पडली, माझ्या पाया पडली आणि दमणीत जाऊन बसली. सरोज साहेबाला घेऊन फाटकापाशी उभी होती. काकूला शेवटचा दिसावा म्हणून तिनं त्याला दोन्ही हातांनी उंच धरला. सुमतीनं दमणीचा पडदा ओढून घेतला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. त्यात काही नसतं असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि आता मीच कोपिनेश्वराला सोमवारचे बेल वाहात होते.  सुमतीसाठी मी देवाला विनवत होते हे खरं. पण दुसरंही खरं होतं. तिचं पोर वाकड्या पायाचं आलं असतं, तर सासूबाईंचं म्हणणं कायमचं खरं ठरलं असतं. ते धडधाकट आलं तर निदान मला कळणार होतं की मी उगीच नऊ वर्षं बोलणी खाल्ली. मी कुणासाठी बेल वाहात होते ते त्या शंकरालाही सांगता आलं नसतं.

ज्येष्ठात कल्याणहून सहदेव आला. सुमतीच्या वडिलांकडचा जुना गडी. हातात साखरेची पुडी. "मुलगा झाला," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "बाळंतीण खुशाल हाय."

"आणि पाय?" मी विचारलं.

"पाय?" तो माझ्याकडे बघायला लागला.

"बाळाचे पाय रे! कसे आहेत?"

"चांगले हायेत की. दोन हायेत. मालकीणबाईंनी मला दुपट्यातून काढून दाखवलं. लाथा झाडतंय नुसतं."

मी चौकटीला टेकले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेचना. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट दिली, आणि माझ्या हातावर देताना म्हणाल्या, "पोरीनं ग्रहण नीट पाळलं, म्हणून हो. ज्यानं त्यानं ऐकलं असतं तर..."

मी हसले. खरंच हसले. त्यांना वाटलं असेल हिला वेड लागलं. सांगता तर येत नव्हतं, पण न सांगताही राहवत नव्हतं.  मी साखर मुठीत धरली आणि पडवीत गेले. सरोज साहेबाला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, साखर तिच्या तोंडात घातली, आणि तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. मांजर आलं नव्हतं. काकू ग्रहणात उठली होती. तिनं कामटी मुरगळली, पाय ओढला, साहेबाचं हाड मोडलं. आणि तरी बाळाचे पाय सरळ आहेत.

"काकू उठली होती?" सरोजनं विचारलं.

"उठली होती. या डोळ्यांनी बघितलं मी."

"आणि बाळाला काही झालं नाही?"

"काही नाही! बघ आता. मी इतकी वर्षं कंठशोष करून काय सांगते?"

ती साखर चघळत होती. साहेबाचे कान मागे सारत होती. "तू नव्हतीस ना हलली?" तिनं विचारलं.

"मुळीच नाही."

"मग मीच हलले असेन," ती म्हणाली. "पोटात. मला वाटलंच होतं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे. ती रडून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. पण तिनं ते जुनं, माहितीतलं काहीतरी असावं तसं सांगितलं. "काकूचं बाळ शहाणं आहे," ती म्हणाली. "ती उठली तरी ते हललं नाही. तू नीट बसली होतीस आणि मी हलले."

जितक्यांदा मी विहिरीवरून ओरडले होते, 'मी हलले नव्हते', तितक्यांदा ही जवळपास कुठेतरी असणार. उंबऱ्यात, न्हाणीत, चुलीपाशी. माझ्यावरचा आळ मी झटकत होते आणि ती तो उचलून घेत होती.

"नाही गं बाई," मी म्हटलं. "तू कशी हलशील?"

"तुला काय ठाऊक? तू तर जागी होतीस ना? मग सांग, मी हलले होते का नव्हते?"

आणि मला आठवलं. पाटावर मांडी घालून मी अंधारात बसले होते. घामानं भिजले होते, पाठ मोडून आली होती, आणि पोटात ती हलली होती. एकदा, मग थांबून जोरात पुन्हा. त्याआधी कधी तिनं इतकं जोरात लाथाडलं नव्हतं. हात उचलायची चोरी, म्हणून मी पोटावर हातसुद्धा ठेवला नाही. नुसती हसले. त्या सबंध ग्रहणात तेवढं एक चांगलं घडलं होतं, आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

तिच्याशी मला खोटं बोलता येईना.

"हललीस," मी म्हटलं, आणि तिनं मान खाली घालायच्या आत तिचं वाकडं पाऊल माझ्या मांडीवर ओढून घेतलं. "हललीस. सगळीच बाळं हलतात, काकूचं पण हललं असेल, पोटात हलत नाही ते बाळ जगत नाही. आणि तू हललीस ना, तेव्हा मी अंधारात एकटी हसले होते. मला इतकं बरं वाटलं होतं, सरोज. मला वाटलं, आहे कुणीतरी माझ्यासोबत."

तिनं सगळं ऐकून घेतलं.  साहेब मांडीवरून उतरून पाय फेकत मुळ्याच्या पाल्याकडे गेला, तरी तिचं लक्ष गेलं नाही. आत सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की ग्रहण नीट पाळलं की असं होतं बघा. सरोजनं आवाजाच्या दिशेनं बघितलं आणि माझ्याजवळ सरकली.

"मी हलले होते ते आजीला सांगू नकोस हं," ती म्हणाली.